डाव्या स्तंभातल्या शेवटच्या दोन ओळी

कार्तिकी झोरे या बाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तीन तारखेला, सोमवारी, ते आलं आणि त्यानंतर तेरा दिवस माझ्या टेबलावर चष्म्याच्या घराखाली पडून राहिलं. उत्तर सुचलं नाही असं नव्हे. सहा उत्तरं सुचली. पहिलं चौदा पानांचं झालं, तिसऱ्याला तळटीपा लागल्या आणि सहाव्यात मी माझ्याच पहिल्या उत्तराचं खंडन केलं. मग सगळीच अपुरी वाटू लागली, आणि मी चष्म्याचं घर पुन्हा त्या पत्रावर ठेवलं.

पत्र असं होतं:

“कोशकार सरांना नमस्कार. मी कार्तिकी झोरे, वय एकोणतीस, वीज कंपनीत वायरमन, मुक्काम पाटण. बाईमाणसालाही कागदावर वायरमनच म्हणतात. मला सातवा आठवडा चालू आहे आणि मला हे मूल नको आहे. सहा वर्षांची मुलगी आहे, ती पुरे. रुग्णालयाने फॉर्म दिलाय. त्यावर सगळ्यांत वर तुमचं वाक्य छापलंय, खाली बारीक अक्षरांत तुमचं नाव. एकवीस तारखेला, शुक्रवारी, समितीपुढे सुनावणी आहे. तिथे ते वाक्य वाचून दाखवतात आणि विचारतात, यावर तुमचं काय म्हणणं? मी काय म्हणणार? दहावीनंतर आयटीआय केलेली बाई मी. म्हणून ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारते. तुम्हाला हेच म्हणायचं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. पोस्टकार्ड पुरे. तुमचा पत्ता कोशाच्या शेवटच्या पानावर मिळाला. आमच्या वाचनालयात तिसरा खंड आहे. तो आजवर कुणीच घरी नेला नव्हता, असं ग्रंथपाल म्हणाले.”

शेवटचं वाक्य तिने नसतं लिहिलं तरी चाललं असतं.

आता त्या दोन ओळींविषयी. तीस वर्षांपूर्वी मी साताऱ्यात ‘नीतिकोश’ नावाच्या सात खंडांच्या कोशाचा उपसंपादक होतो. तिसऱ्या खंडातली ‘गर्भपात’ ही नोंद माझी. नोंद बरी होती. दोन्ही बाजू मांडून मी कुणालाही न दुखावता थांबलो होतो. पण पानं लावताना असं झालं, की नोंद पृष्ठ ४१२च्या डाव्या स्तंभात दोन ओळी आधीच संपली. उजव्या स्तंभात ‘गर्व’ सुरू होत होता. आमच्या मुख्य संपादकांना पानात मोकळी जागा दिसली की पित्त व्हायचं. ते म्हणाले, “खांबेटे, दोन ओळी घाला. काहीतरी समारोपाचं.” छापखान्याचा माणूस दारात उभा होता. मी उभ्या उभ्या लिहिलं:

“स्त्रीचा हक्क गर्भ आपल्या शरीराबाहेर काढण्यापुरता आहे, गर्भाच्या मरणावर तिचा हक्क नाही.”

दोन ओळी बरोबर भरल्या. त्या काळी हे निव्वळ तार्किक सूक्ष्मपण होतं. गर्भ बाहेर काढला की तो जगत नव्हता, त्यामुळे या दोन गोष्टींत व्यवहारात काही फरकच नव्हता. माझ्या वाक्याने कुणाचं काही बिघडण्याची शक्यता नव्हती. वाक्य मात्र मला आवडलं होतं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी ते दोनदा मनाशी म्हटल्याचं आठवतं.

मग सहा वर्षांपूर्वी रांजण आला.

कागदोपत्री त्याचं नाव ‘बाह्यगर्भाशय’ आहे. रांजण हे नाव परिचारिकांनी पाडलं आणि तेच रुळलं. यंत्र खरोखर पाणी भरायच्या रांजणाएवढं असतं, आणि रंगही खापरासारखा, कारण आतल्या जिवाला उजेड कमी लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला द्रवाच्या पिशवीत ठेवून नाळेतून प्राणवायू देण्याची युक्ती जुनी आहे. पण ती बावीस-तेवीस आठवड्यांच्या पुढे चालायची. त्याआधी नाळेतल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात, की त्यांना कुठलीही नळी जोडता येत नाही. खरी अडचण वारेची होती. वार बाळासोबत वाढते, आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात मुळं धरते, आणि दोघांची रक्तं एकमेकांत न मिसळता एका पातळ पडद्यातून देवाणघेवाण करते. नळीने हे जमत नाही. तिला रुजायला माती लागते.

ती माती संशोधकांनी तयार केली. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी त्यांनी एका जाळीवर वाढवल्या. पिंपळाच्या पानाच्या शिरांसारखे त्या जाळीत बारीक मार्ग ठेवले आणि त्यांतून रक्तासारखा द्रव खेळवला. आठव्या ते अकराव्या आठवड्यात गर्भ वारेसकट या अस्तरावर ठेवला, तर आंब्याचं कलम धरावं तशी वार नवी मुळं धरते. दहापैकी सात वेळा धरते. आणि मग उरलेले महिने रांजणात.

झालं! माझ्या वाक्यातल्या स्वल्पविरामाच्या दोन बाजू, ज्या आजवर एकच होत्या, त्या खऱ्याखुऱ्या वेगळ्या झाल्या. नवा नियम करणाऱ्यांना मराठीत एक आधारवचन हवं होतं. कुणीतरी कोश उघडला. आता कुठलीही स्त्री गर्भपातासाठी गेली, की तिला आधी रांजणाचा पर्याय सांगतात. तो नको असेल, तर तिने समितीपुढे जाऊन सांगायचं. समितीला अडवण्याचा अधिकार नाही, फक्त विचारण्याचा आहे. विचारताना माझं वाक्य वाचतात.

आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं होतं. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात माझं एकच वाक्य लोकांनी वापरलं. त्या फॉर्मचा नमुना मिळवून मी वहीत चिकटवला होता. हे मी माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

माझी बहीण म्हणजे अक्का. वय एक्याऐंशी. चौतीस वर्षं सरकारी नर्स होती, त्यांतली वीस प्रसूतिगृहात. भावजी गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र राहतो. मी वाचतो, ती ऐकत नाही, असं छान चाललं आहे.

सोळा तारखेला, रविवारी सकाळी, दारात मोटारसायकल थांबली. वीज कंपनीच्या निळ्या गणवेशातली एक उंच बाई, खांद्यावर तारेचं भेंडोळं, दारातूनच म्हणाली, “खांबेटे सर इथंच राहतात का? की राहायचे?”

“राहतो,” मी म्हणालो.

“मग बरं. मी कार्तिकी झोरे. ट्रान्सफॉर्मरचं सामान न्यायला साताऱ्याला आले होते. राग मानू नका सर, पण दोन आठवडे उत्तर नाही म्हटल्यावर मला वाटलं, तुम्ही गेलात.”

“कुठे?”

“वर,” अक्का आतून म्हणाली. “ये गं, बस. कसलं उत्तर? काय रे विदू, कसलं उत्तर?”

मी चष्म्याचं घर उचललं. अक्काने पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पत्राकडे पाहिलं, आणि काही न बोलता स्वयंपाकघरात जाऊन थालीपीठ लावलं. अक्का गप्प बसली की मला भीती वाटते.

कार्तिकी समोर बसली होती. गुडघ्यांवर हात, बोटांना काळं. ती म्हणाली, “सर, मग? हो की नाही?”

मी खाकरलो. “हे पाहा, आधी आपण हक्क या शब्दाचा विचार करू. हक्क दोन प्रकारचे असतात—”

“सर,” ती म्हणाली, “मी खांबावर असते. वरून ओरडते, लाईन बंद केली का? आता खालचा जर म्हणाला, की हे पाहा, वीज दोन प्रकारची असते, तर वरचीचं काय होईल?”

स्वयंपाकघरातून अक्काचं हसू ऐकू आलं. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं, कारण प्रश्न गंभीर होता.

“पण तुम्हाला ते का नको आहे?” मी विचारलं, आणि विचारताक्षणीच वाटलं, हेच तर समिती विचारते.

“बघा, तुम्ही पण!” ती म्हणाली. “कारण काय सांगू? नवरा चांगला आहे. घर आहे. सासू मुलीला, ओवीला, सांभाळते, रोज एकदा ऐकवून सांभाळते, पण सांभाळते. ओवीच्या वेळी मी दोन वर्षं खांबावर चढले नाही. मग परत चढले तेव्हा साहेब म्हणाले, जमेल का? मी त्यांना अकरा हजार व्होल्टच्या लाईनीवर जमवून दाखवलं. आता मला दुसरं नको. एवढंच कारण. याहून मोठं कारण लागतं का सर?”

माझ्या नोंदीत कारणांचे पाच प्रकार दिले होते. त्यांत ‘नको आहे’ हा प्रकार नव्हता.

अक्काने थालीपीठ आणून ठेवलं, वर लोण्याचा गोळा. कार्तिकीने भूक लागलेल्या माणसासारखं खाल्लं. मग खाली बघत म्हणाली, “एक मात्र मला खरंच कळत नाही. ते रांजणात वाढलं, कुणी चांगल्या माणसांनी नेलं, तर ते कुठंतरी असेल. ओवीसारखं नाक घेऊन फिरत असेल. कधी कधी वाटतं, असू दे की. आणि कधी वाटतं, नको. माझं पोर माझ्याशिवाय कुठंतरी फिरतंय, हे मला आयुष्यभर नको. हे वाईट आहे का हो?”

अक्का म्हणाली, “ते तुझं तू ठरव बाई. त्याला कोश नको आणि समितीपण नको. अजून एक घालू?”

“घाला,” कार्तिकी म्हणाली. तिने डोळे पुसले, आणि हसली. “आणि ते कापायचं तर सरांना माहीतच असेल.”

“हो, हो,” मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं.

निघताना तिने पुन्हा विचारलं, “मग सर?”

“मी लेखी कळवतो,” मी म्हणालो.

तिने अक्काकडे बघितलं. अक्काने कपाळाला हात लावला. मोटारसायकल कोपऱ्यावरून वळेपर्यंत अक्का दारातच उभी होती. मग आत येऊन म्हणाली, “काय कापायचं असतं रे?”

“कशात?”

“ती म्हणाली, कापायचं तर सरांना माहीतच असेल. सर हो हो म्हणाले. काय कापायचं असतं?”

“अक्का, मी नोंद लिहिली तेव्हा हे यंत्रच नव्हतं.”

“आता आहे ना? सहा वर्षं झाली. तुझ्या मते पोर तिच्यातून रांजणात कसं जातं? चालत?”

मी कबूल केलं, की सहा उत्तरं लिहिली, पण यावर विचार केला नव्हता. एखादी नळी असेल, असं माझ्या मनात धूसर काहीतरी होतं. “तिने पोस्टकार्ड मागितलं,” ती म्हणाली, “आणि तू सहा वेळा ग्रंथ लिहिलास. एकदा जाऊन बघितलं नाहीस.” मग तिने फोन उचलला.

अक्काच्या हाताखाली शिकलेली प्रणाली शिंगाडे आता एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही तिथे पोहोचलो. प्रणालीबाई स्वतः पन्नाशीच्या, पण अक्कासमोर त्या उभ्याच राहिल्या. “बसा की बाई,” त्या म्हणाल्या. “आणि हे तुमचे भाऊ? वाक्यवाले?”

मी ‘वाक्यवाला’ होतो.

रांजणांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. आत ऊब होती आणि मंद घुमणारा आवाज. नऊ रांजण भिंतीलगत ओळीने. प्रत्येकाला तळहाताएवढी खिडकी, तिच्यावर कापडी झाकण. एका रांजणासमोर स्टुलावर एक सडपातळ बाई बसली होती आणि त्या खिडकीला तोंड लावून तक्रार सांगत होती: “तुझ्या बापाने आज पुन्हा दूध उतू घालवलं. दोन वेळा सांगितलं होतं मी, लक्ष ठेवा म्हणून. तू असं करायचं नाही, कळलं?”

“यांचं हृदय अधू आहे,” प्रणालीबाई हळूच म्हणाल्या. “पोटात वाढवलं असतं तर दोघंही गेली असती. आता रोज दोन तास येऊन भांडतात.”

त्यांनी मला पलीकडच्या रांजणाचं झाकण वर करून दाखवलं. तांबूस उजेडात अंगठ्याहून थोडा मोठा जीव होता. त्याने पाय झाडला, मग उचकी लागल्यासारखा सगळाच हलला. मी खूप वेळ पाहत होतो. अक्का म्हणते, मी हात जोडले होते. मला आठवत नाही. पण जोडले असतील, तर त्यात मला लाज वाटत नाही. इतकं सुंदर काही मी कुठल्याही खंडात वाचलं नव्हतं, आणि माझ्या वाक्याचा उत्तरार्ध मला त्या क्षणी अगदी खरा वाटला.

मग मी प्रणालीबाईंना विचारलं, “हा इथपर्यंत कसा आला?”

“म्हणजे ऑपरेशन?” त्या म्हणाल्या. “गोळ्यांनी होत नाही ते. वार अख्खी, न फाटता निघायला हवी. मग पोट उघडायचं. इथे.” त्यांनी स्वतःच्या साडीवरून, बेंबीच्या खाली, आडवं बोट फिरवलं. एक वीत. “मग गर्भाशय उघडायचं. पूर्ण भूल. आठ दिवस इथे, सहा महिने जड उचलायचं नाही. पुढे कधी मूल हवं झालं, तर पुन्हा तिथेच उघडावं लागतं. ज्या बाईला हवंय ती आनंदाने करते, तिला विचारा.” त्यांनी स्टुलावरच्या बाईकडे बघितलं.

“आणि ज्यांना नकोय?”

“त्यांना दोन गोळ्या पुरतात. दोन-चार दिवस त्रास.”

“मग त्या ऑपरेशन का निवडतात?”

प्रणालीबाई जरा घुटमळल्या. “आता तुमच्यासमोर कसं सांगू? दहातल्या आठ जणी ते वाक्य ऐकतात आणि सही करतात. समितीतले लोक वाईट नाहीत, दमदाटी करत नाहीत. वाक्य वाचतात आणि गप्प बसतात. परवा एक बाई मला म्हणाली, सिस्टर, शास्त्रातच तसं लिहिलंय म्हणे.”

“शास्त्रात?”

“तिला वाटलं, शास्त्रात आहे.”

दोन ओळी कमी पडत होत्या, हे शास्त्र. छापखान्याचा माणूस दारात उभा होता, हे शास्त्र. ‘बाहेर काढण्यापुरता’ असं मी लिहिलं होतं, कपाटातून पुस्तक बाहेर काढावं इतक्या सहज. त्या शब्दाच्या आत एक वीतभर जखम आहे हे मला माहीत नव्हतं. आणि कार्तिकी खांबावर चढते तेव्हा कमरेचा पट्टा नेमका तिथूनच जातो.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होतो. शेतांतून विजेचे खांब मागे जात होते. अक्का डब्यातला चिवडा खात होती.

“अक्का,” मी म्हणालो, “पण तो जीव पाहिलास ना? तो जगू शकतो. यंत्र आहे. मग त्याला जगवायला नको?”

“मला तर सगळेच जगावेसे वाटतात,” अक्का म्हणाली. “वीस वर्षं तेच केलं. पण तुला एक सांगते. मी नवी नवी होते तेव्हाची गोष्ट. एक आठ वर्षांचा मुलगा होता, अंगातलं रक्त संपत आलेलं. बापाचं रक्त जुळत होतं, दुसऱ्या कुणाचं नाही. बाप म्हणाला, मी देणार नाही, मला सुईची भीती वाटते. धडधाकट पैलवान गडी! डॉक्टरांनी समजावलं. बायकोने पाय धरले. मी स्वतः अशा शिव्या दिल्या, की त्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. पण त्याला धरून सुई कुणी टोचली नाही. सहा वॉर्डबॉय होते, धरता आलं असतं. कुणाच्या मनातही आलं नाही.”

“मग मुलगा?”

“दुसऱ्या गावाहून रक्त आलं. वाचला. आता आजोबा झालाय, दर दिवाळीला फोन करतो. आणि नसता वाचला तरी, त्या बापाला आम्ही धरलं नसतं.” तिने चिवड्याचा डबा माझ्यापुढे केला. “तो तर जन्मलेला होता रे. नावगाव होतं, शाळेत जात होता. त्याच्यासाठी बापाच्या दंडाला सुई लावता येत नाही, आणि हिच्या पोटाला सुरी लावायला तुझं वाक्य वाचतात.”

इतकी वर्षं मी अक्काला ऐकत नाही म्हणत होतो. ऐकत मी नव्हतो.

तरी घरी पोहोचल्यावर मी तासभर काही केलं नाही. खरं सांगायचं तर मी वही काढली आणि त्या चिकटवलेल्या फॉर्मकडे बघत बसलो. वर माझं वाक्य, खाली माझं नाव. हे मागे घेतलं तर मागे काय राहतं? सात खंड, जे कुणी घरी नेत नाही. ‘गर्व’ ही नोंद मी लिहिलेली नव्हती, पण लिहायला हवी होती.

फॉर्मच्या तळाशी नेहमीची सरकारी ओळ होती: ‘आधार: नीतिकोश, खंड तिसरा, अद्ययावत शुद्धिपत्रासह.’ ती ओळ मी शंभरदा वाचली असेन. आमच्या कोशाचा एक नियम होता, की नोंदीचा लेखक हयात असेपर्यंत आपल्या सहीने केव्हाही शुद्धिपत्र काढू शकतो. अक्षराचे, सनावळीचे दोष सुधारायला तो नियम केला होता. मुख्य संपादक गेले, कार्यालय गेलं, सात खंडांच्या लेखकांपैकी मी एकटा उरलो. पण नियम कुणी रद्द केलेला नव्हता. माझी सही अजून चालत होती.

मी कागद घेतला. चार रकाने आखले, जसे आयुष्यभर आखत आलो: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. ‘अशुद्ध’खाली माझं वाक्य उतरवलं. उतरवताना ते पहिल्यांदाच कुरूप वाटलं. मग ‘शुद्ध’खाली लिहायला घेतलं आणि अडलो.

“अक्का,” मी हाक मारली, “तिचं ते दुसरं विचारणं. ते कुठंतरी फिरत असेल, हे. त्यावर काय लिहू?”

“तुला माहीत आहे का?”

“नाही.”

“मग तसं लिही.”

“कोशात ‘माहीत नाही’ असं लिहीत नाहीत.”

“म्हणून तर ही पाळी आली,” अक्का म्हणाली.

मी लिहिलं:

‘शुद्ध: गर्भ ठेवायचा की नाही, आणि काढायचा तर कोणत्या मार्गाने, हे ज्या शरीरात तो आहे त्या शरीराच्या धनिणीने ठरवायचे. तिच्या संमतीवाचून तिच्या शरीराला कुणीही हात लावू नये. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठीही नाही. ऑपरेशनच लागले नसते, तर गर्भाच्या जगण्यावर कुणाचा किती हक्क असता, हे या नोंदीच्या लेखकाला माहीत नाही. आधीच्या दोन ओळी लिहिताना त्याला ते माहीत असल्याचा त्याचा समज होता.’

सही. तारीख. चार प्रती. एक समितीला, एक प्रणालीबाईंना, एक पाटणच्या वाचनालयाला, तिसऱ्या खंडात ठेवण्यासाठी. चौथी कार्तिकीला, सोबत एक चिठ्ठी:

‘सौ. कार्तिकी झोरे यांस सप्रेम नमस्कार. नाही. मला हे म्हणायचे नव्हते. खरे म्हणजे मला काहीच म्हणायचे नव्हते. पान भरायचे होते. तुम्ही विचारलेत म्हणून मी पहिल्यांदा त्यावर विचार केला. समितीने वाक्य वाचले, तर सोबतचा कागद त्यांना वाचायला द्या. तुम्ही रांजण निवडलात तरी तो तुमचाच निर्णय असेल, आणि गोळ्या घेतल्यात तरीही. मी तुम्हाला कारण विचारले, त्याबद्दल क्षमा असावी. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दलही. आपला, विद्याधर खांबेटे.’

अक्काने चिठ्ठी वाचली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. “सौ. कशाला?” ती म्हणाली. “ती वायरमन आहे. तसं लिही.” मी ‘सौ.’ खोडून ‘वायरमन’ लिहिलं.

मंगळवारी सकाळी मी पोस्टात गेलो. अक्का मागोमाग आली. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता. खिडकीवरच्या मुलीने चारही पाकिटं तोलली, शिक्के मारले आणि म्हणाली, उद्यापर्यंत सगळी पोहोचतील; बाहेरच्या स्पीड पोस्टच्या पेटीत टाका, गाडी आलीच आहे. पोस्टमन पेटी उघडून पिशवीत पत्रं भरत होता. मी तीन पाकिटं त्याच्या पिशवीत सोडली. चौथं हातात राहिलं.

मला वाटलं, चिठ्ठीतलं ‘काहीच म्हणायचे नव्हते’ हे जरा जास्तच झालं. तिला वाटेल, कसल्या माणसाला विचारायला गेले. एक वाक्य बदलून उद्या टाकलं तर? गुरुवारी पोहोचेल. सुनावणी शुक्रवारी आहे.

“विदू,” अक्का म्हणाली.

मी पाकीट सोडलं. ते पिशवीत पडल्याचा आवाजही झाला नाही. पोस्टमनने पिशवीचं तोंड आवळता आवळता माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून पुढेच होता.

“काका, काही राहिलं का? काढून देऊ परत?”

“नको, नको,” मी म्हणालो. “जाऊ द्या.” आणि माझाच बेत बदलू नये म्हणून दोन पावलं मागे सरलो.